शून्यावर आणलेले अठरा नॉब

चऱ्होलीच्या एका आयटीवाल्या साहेबाने मला फसवलं. गिटारचा अँप्लिफायर त्याने मला विकला आणि त्यातला आवाज स्वतःकडे ठेवून घेतला. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग ओसरून महिना झाला, तरी हिशेब तिथेच येऊन थांबतो, म्हणून लिहितोय.

निघोज्याला माझं छोटं वर्कशॉप आहे. तीन सीएनसी, दोन जुने लेथ, नऊ माणसं. मोठ्या कंपन्यांना लागणारे सुटे भाग आम्ही कापून देतो. लातूरकडून आलो तेव्हा भोसरीत एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो. त्यातला एक जण गिटार वाजवायचा. त्याने मला सहा-सात गाणी शिकवली आणि गावी परत जाताना गिटार माझ्याकडेच सोडून गेला. पुढच्याच वर्षी पॉवर प्रेसने माझ्या डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट वरच्या पेरातून नेलं. तार दाबायला बोटाचं टोक लागतं. माझं उरलेलं बोट तारेवर ठेवलं की स्वर उमटायचा आणि लगेच मरायचा. चार महिने प्रयत्न केला, मग गिटार खोलीतल्या दुसऱ्याला देऊन टाकली.

मग लग्न, मुलगी, स्वतःचं पहिलं मशीन, दुसरं मशीन. गिटारचं नाव काढलं नाही. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या कंपनीत कार्यक्रम होता, तिथे एका पोराने इलेक्ट्रिक गिटारवर एक स्वर धरला आणि हात सोडून पाणी प्यायला. स्वर तसाच उभा. मी त्याला स्टेजमागे गाठून विचारलं. तो म्हणाला, "काका, हे अँपचं काम आहे. गेन, म्हणजे स्वर फुगवायचा नॉब, नीट लावला की तार हळू दाबली तरी चालतं."

हळू दाबली तरी चालतं. एवढंच मला ऐकायचं होतं.

गिटार घेतली, छोटा अँप घेतला. त्यात दम नव्हता. गेन वाढवला की नुसता खरखराट, कमी केला की माझ्या अर्ध्या बोटाचा स्वर पुन्हा मेलेला. मग मोबाइलवर या साहेबाची जाहिरात दिसली. जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा अँप, वजन दोघांनी उचलायचं, तीन चॅनल. प्रत्येक चॅनलला गेन, ट्रेबल, मिड, बास, प्रेझेन्स आणि मास्टर असे सहा नॉब, म्हणजे अठरा. वर पाच उभ्या सरकपट्ट्यांचा इक्वलायझर, आणि मागच्या बाजूला बटणांची आणखी एक रांग.

त्याची सुटी रविवारी, माझी गुरुवारी. मी रविवारी वर्कशॉप लवकर सोडून त्याच्याकडे गेलो. चऱ्होलीत पूर्वी ज्वारी उभी असायची त्या जागी आता बारा मजले उभे आहेत. त्यातल्या नवव्यावर हा राहतो. पस्तिशीचा, चष्मेवाला, मऊ बोलणारा. मऊ बोलणाऱ्या माणसाशी व्यवहार करताना मी जास्त सावध असतो.

गिटार माझ्या हातात देताना त्याची नजर माझ्या बोटावर गेली. नजर सगळ्यांचीच जाते. मग तो खाली वाकला, एक नॉब किंचित फिरवला आणि म्हणाला, "आता वाजवा सर."

मी मनात म्हटलं, काहीतरी झाकतोय. विकणारा माणूस दाखवण्याच्या आधी शेवटचा हात फिरवतो तो दोष लपवायलाच. मशीन घेताना असे शंभर हात मी पाहिलेत.

मी वाजवलं. तुटक्या बोटाने तिसरी तार दाबली आणि थांबलो. स्वर उभा राहिला. मी श्वास सोडला, पुन्हा घेतला, खिडकीबाहेर एक क्रेन गोल फिरून आली, तरी तो उभाच. एवढ्या वर्षांत त्या बोटाने काढलेला तो पहिला सरळ स्वर होता.

चेहरा मी मख्ख ठेवला. माझा धंद्यातला नियम आहे, आवडलेल्या वस्तूबद्दल प्रश्न विचारायचा नाही. प्रश्न विचारला की समोरच्याला कळतं, गडी अडकला. म्हणून कोणता नॉब कुठे आहे, हा मधला कशाला, त्या सरकपट्ट्या काय करतात, यातलं काहीही मी विचारलं नाही. तो दोनदा सांगायला लागला. "सर, याचं थोडं वेगळं असतं, यात बास..." मी म्हटलं, "ते बघू नंतर, आधी भावाचं बोला." मग सवयीप्रमाणे दोष काढले. कोपरा उडालाय, चाक आवाज करतंय, पुढच्या पट्टीवर डाग आहेत, ठिपके आहेत, कव्हर फाटलंय. कुठलीही वस्तू घेताना मी अशी यादी म्हणतो, त्यातलं निम्मं मला स्वतःलाही ऐकू येत नाही. शेवटी तो थकला आणि माझ्या आकड्यावर आला.

टेम्पोवाल्याला फोन करायला मी गॅलरीत गेलो. परत आलो तेव्हा तो एकेक नॉब उलटा फिरवून शून्यावर आणत होता. डावीकडून उजवीकडे, ओळीने, अठराच्या अठरा. सरकपट्ट्याही सरळ रेषेत. मग त्याने पुढची पट्टी फडक्याने पुसली.

मला ते आवडलं होतं, हे आधी लिहितो. आमच्याकडे शिफ्ट सोडणारा चांगला ऑपरेटर मशीन होमला, म्हणजे मूळ जागेवर, आणतो, टेबल पुसतो आणि मगच पुढच्याच्या ताब्यात देतो. मी पाहून मनात म्हटलं, आयटीतला असून शिस्त आहे. माझ्या आयुष्यात एवढी मोठी लबाडी डोळ्यांसमोर चालली असताना मी तिला शाबासकी दिली, असं त्याआधी झालं नव्हतं.

अँप घरी ठेवता येईना, वरच्या मजल्यावरच्या आजींची तक्रार आली. म्हणून तो वर्कशॉपच्या केबिनमध्ये ठेवला. आठच दिवसांवर खंडेनवमी होती. त्या दिवशी आमच्याकडे मशीन धुऊन-पुसून झेंडूच्या माळा घालतात, पाने-हातोड्यांनाही हळदकुंकू लागतं, कामगारांच्या घरची माणसं येतात. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पूजा झाली की शेठ एक गाणं वाजवणार. अँपलाही एक माळ घातली.

सेटिंग मी माझ्या अकलेने केली होती. सगळे नॉब मधोमध पाचावर. दम यावा म्हणून बास नऊवर, गेन नऊवर. मशीनवर आधी झिरो घ्यायचा आणि मग पुढे जायचं, ही आमची पद्धत, आणि अँपचा झिरो म्हणजे मधला आकडा असं मी धरलं होतं.

वाजवायला लागलो. भिंतीवरची पत्र्याची पाटी थरथरायला लागली. स्वर नव्हताच, चिखलात टायर फिरल्यासारखी भुरभुर होती. दुसरी ओळ संपायच्या आत लेथवरचे मामा पुढे आले. माझ्याकडे सर्वांत जुने तेच आहेत.

"शेठ, कॉम्प्रेसर बंद करू का? त्याच्या आवाजात तुमचं काही ऐकू येईना."

कॉम्प्रेसर सकाळपासून बंदच होता.

मामा चेष्टा करत नव्हते, तेच जास्त लागलं. बाकीचे पेढ्याच्या खोक्याकडे बघायला लागले. माझ्या बायकोने टाळ्या वाजवल्या, एकटीने.

तिथूनच मी साहेबाला फोन लावला. "त्या दिवशीचा आवाज कुठाय?"

"सर, अँप तोच आहे. सेटिंग प्रत्येकाची वेगळी असते." मग म्हणाला, "आणि खरं सांगू का, टोन शेवटी हातात असतो."

हातात. त्याने माझा हात पाहिला होता. मी त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही.

मला खात्री झाली की टेम्पो यायच्या आधी त्याने आतले चांगले व्हॉल्व्ह काढून रद्दी घातले. नाहीतर स्पीकर बदलला. पिंपरी कॅम्पात एक म्हातारा रिपेअरवाला आहे, व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करत आलेला. त्याच्याकडे अँप नेला. त्याने मागची फळी उघडली, एकेक व्हॉल्व्ह मीटरवर तपासला, स्पीकरच्या स्क्रूंवरचा रंग नखाने खरवडून पाहिला.

"भाऊ, पेटी ठणठणीत आहे. स्क्रूला कुणी हातही लावलेला नाही."

"तुमची आणि त्याची ओळख आहे का?"

"कुणाची?"

"ज्याने विकला त्याची. तुम्ही लोक एकमेकांना धरून असता. यात काहीतरी सेटिंग आहे."

म्हाताऱ्याने फळी लावली, स्क्रू आवळले, चष्मा कपाळावर सरकवला. "सेटिंग नाही म्हणून तर तुम्ही इथे आलात," तो म्हणाला. "घेऊन जा आणि एक करा. बास इतका उघडू नका. या जातीच्या पेटीत बास आधी घुसतो आणि गेन नंतर फुगवतो. चिखल आधी घातला तर पुढे चिखलच मोठा होतो."

मला त्याचा भरवसा वाटला नाही. पण जी गोष्ट माझ्या मनाच्या इतकी उलट होती, ती सांगून त्याला काय मिळणार होतं, हे मला शोधून सापडेना. म्हणून करून पाहायचं ठरवलं.

त्यानंतरचे सात गुरुवार मी बंद वर्कशॉपमध्ये एकटा बसलो. नवीन जॉब मशीनवर लावतो तसा अँप लावला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलली की पहिला पीस काढून मोजायचा. माझा पीस म्हणजे तिसऱ्या तारेवर तुटक्या बोटाने एक स्वर, आणि तो मरेपर्यंत मनातल्या मनात मोजणं. जुन्या तपासणी फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर मी लिहीत गेलो. दोन चॅनल बाजूला ठेवले, एकच धरला. सरकपट्ट्यांचा स्विच बंद केला.

पहिल्या गुरुवारी एवढंच कळलं की ट्रेबल हा नुसता तीक्ष्णपणाचा नॉब नाही. तो सगळ्यांचा मुकादम आहे. तो वर गेला की मिड आणि बास या दोघांचं काही चालत नाही, तो खाली आला की तेच राज्य करतात. दुसऱ्या गुरुवारी मी तिन्ही शून्यावर आणून पाहिले, तर आवाजच जवळपास गेला. म्हणजे शून्य ही सुरुवात नव्हती, शून्य म्हणजे कुलूप होतं. त्या दिवशी मला साहेब नॉब फिरवत होता ते पुन्हा डोळ्यांसमोर दिसलं, आणि हातातली तार छेडायची पिक मी केबिनच्या काचेवर फेकून मारली.

पुढे हळूहळू जमत गेलं. ट्रेबल सातावर. गेन साडेसहावर, कारण त्याच्या पुढे स्वर लांबत नाही, नुसता घोगरा होतो. बास उतरवत उतरवत दीडवर. दीडवर आल्यावर आवाज किडकिडीत होईल असं वाटलं होतं. झालं उलटंच, प्रत्येक स्वर सुटा, कापलेल्या लोखंडी बारसारखा स्वच्छ. गेलेला दम मग सरकपट्ट्यांनी परत आणला, डावीकडची वर, मधली खाली, उजवीकडची थोडी वर. मास्टर तीनवर, कारण त्याखाली व्हॉल्व्ह झोपलेले असतात. प्रेझेन्स चारवर. सगळ्यात जास्त वेळ मिडने खाल्ला. चारवर आवाज देखणा, पण तुटक्या बोटाचा स्वर मध्येच खचायचा. सव्वासहावर आवाज थोडा नाकातला, पण स्वर उभा राहायचा. मी सव्वासहा ठेवलं.

सातव्या गुरुवारी मोजता मोजता मी मोजणं विसरलो, इतका वेळ स्वर टिकला. बाहेर निघोज्याच्या रस्त्यावरून कंटेनर जात होते. मी पिवळा पेंट मार्कर घेतला आणि प्रत्येक नॉबवरून पट्टीवर एक रेघ ओढली. आमच्याकडे बोल्ट आवळला की अशी रेघ मारतात. पुढे कधी बोल्ट ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते. आता कुणीही हात लावला तरी मला कळणार होतं.

रेघा ओढत असतानाच मला पट्टीवर ते दिसले. रुपेरी पट्टीवर प्रत्येक नॉबच्या शेजारी एकेक काळसर गोल. आणला तेव्हा ते नव्हते. आमच्या वर्कशॉपमध्ये बिडाची बारीक काळी धूळ उडते, ती कुठेही बसते, पण चिकट जागा असेल तर तिथे जास्त बसते. फडक्याने पुसले, जाईनात. तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. तिने वाकून पाहिलं.

"अहो, या टिकल्या होत्या की."

"कसल्या टिकल्या?"

"कपाळाच्या. आपल्या बाथरूमच्या आरशावर बघा, मी टिकली काढून चिकटवते तिथे असाच गोंदाचा गोल राहतो. कुणीतरी इथे टिकल्या लावल्या होत्या आणि काढल्या."

मी एकेक गोल तपासायला लागलो. ट्रेबल, माझी रेघ सातावर, गोल सातावर. गेन, साडेसहा आणि साडेसहा. बास, माझी रेघ दीडवर, गोल दोनच्या अलीकडे. त्याच्या खुणा होत्या त्या. सात गुरुवार घाम गाळून मी जिथे पोचलो, तिथे त्याच्या बायकोच्या टिकल्या आधीच बसल्या होत्या.

जेवलो नाही. तसाच गाडी काढली. आळंदीच्या पुलावर बसच्या मागे अर्धा तास अडकलो, तेवढ्यात काय काय बोलायचं ते ठरवलं. गुरुवार होता, पण हे लोक घरूनच काम करतात, तो असणारच होता. गेटवरचा वॉचमन परभणीकडचा निघाला. त्याने इंटरकॉम लावला.

"साहेब, ते गिटारवाले आलेत. नाही, विकायला नाही, भांडायला आल्यासारखे वाटायलेत."

मी म्हटलं, "विचार, टिकल्या का काढल्या."

वॉचमनने माझ्याकडे नीट पाहिलं. "साहेब, ते विचारायलेत, टिकल्या का काढल्या." बराच वेळ ऐकून त्याने रिसीव्हरवर हात ठेवला. "ते म्हणायलेत, तुम्हीच काढायला लावल्या."

"मी?"

"तुम्ही म्हणला म्हणे, ठिपके चिकटवून भेगा झाकल्यात, ते काढून ठेवा. आणि फोनवर गेला. त्यांनी काढल्या. भेग काही निघाली नाही, पण भाव तुम्ही आधीच पाडला होता म्हणे." त्याला आता मजा यायला लागली होती. "खरंय का हो?"

"मग तेव्हा सांगायचं ना, या खुणा आहेत म्हणून."

त्याने तसंच पुढे सांगितलं आणि ऐकलं. "म्हणायलेत, तुम्ही बोलू दिलं का. आणि मीटिंग चालू आहे म्हणायलेत." त्याने फोन ठेवला. "जाऊ द्या दादा. टिकल्यांचं पाकीट दुकानात मिळतंय की."

परत येताना आठवलं. ठिपके काढा, असं मी म्हणालो होतो. मान्य. पण माझं म्हणणं आजही बदललेलं नाही. गेल्या वर्षी मी एक जुना लेथ विकला. घेणाऱ्याने मला इतकं पिळलं होतं की त्याला चहाही पाजू नये. तरी मी ऑपरेटरची वही त्याच्या हातात दिली, कुठल्या पट्ट्याला काय त्रास आहे ते लिहिलेली. भाव पाडला म्हणून वही लपवायची नसते. टिकल्या काढायला लावल्या म्हणून नॉब शून्यावर आणायचे नसतात. ते मी सांगितलेलं नव्हतं.

वर्कशॉपवर आलो आणि नॉब त्याच्या गोलांवर लावून बघितले, कुठे माझं आणि त्याचं वेगळं पडतं ते. बासचा केसभर फरक सोडला तर एकाच जागी पडलं. मिड. माझी पिवळी रेघ सव्वासहावर, त्याचा गोल चारावर. चारावर वाजवलं. देखणा आवाज आला आणि माझ्या बोटाचा स्वर मध्येच खचला.

पण त्या रविवारी नवव्या मजल्यावर तो खचला नव्हता. क्रेन गोल फिरून येईपर्यंत उभा होता. म्हणजे त्या दिवशी मिड टिकलीवर नव्हता. वाकून त्याने जो एक नॉब फिरवला, तो हाच होता. त्याने माझं बोट पाहिलं, आणि जे शोधायला मला सात गुरुवार लागले ते त्याने एका क्षणात, न विचारता करून दिलं. मग तोच नॉब त्याने शून्यावर आणला आणि मला म्हणाला, टोन हातात असतो.

मी त्याला मेसेज केला. मिड का फिरवला होता, एवढंच विचारलं. दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे त्याने वाचलाय.

माल खपावा म्हणून फिरवला असेल, तर तसं सांग. माझी कीव आली म्हणून फिरवला असेल, तर ती मी मागितली नव्हती. आणि तिसरंच काही असेल, एका वाजवणाऱ्याने दुसऱ्यासाठी करावं असं काही, तर ते जाताना का पुसलंस, याचा जबाब तुला द्यावा लागेल, आणि तोही वॉचमनच्या तोंडून चालणार नाही. गुरुवारी मी वर्कशॉपवर असतो. ये, अँपसमोर उभा राहा आणि सांग.